व्हीव्हीपॅटची चिठ्ठी नेमके काय सिद्ध करते, आणि पाच केंद्रांची पडताळणी पुरेशी आहे का?

पारगावकर (प्रश्न)

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीचा निकाल लागल्यापासून मतदान यंत्रांवरचा वाद एकाच जागी रुतून बसला आहे. यंत्रात फेरफार झालाच, असे एक बाजू छातीठोकपणे सांगते आणि पुरावा मागितला की निकालाकडेच बोट दाखवते. दुसरी बाजू हा रडीचा डाव आहे असे म्हणून विषय झटकून टाकते. २००९ मधील पराभवानंतर लालकृष्ण अडवाणी यांनी मतपत्रिकांकडे परत जाण्याची भाषा केली होती आणि आज तीच भाषा त्यांच्या पक्षाचे विरोधक करतात. शंका कोणाला येते हे बहुतेक वेळा कोण हरले यावर ठरते, त्यामुळे पक्षांचा विषय मी येथे बाजूला ठेवतो.

मला यंत्रणा समजून घ्यायची आहे. मी बटण दाबले की व्हीव्हीपॅटच्या काचेमागे सात सेकंद एक चिठ्ठी दिसते, ती खाली पेटीत पडते आणि मी घरी येतो. या चिठ्ठीमुळे नेमके काय सिद्ध होते? विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघात केवळ पाच केंद्रांवरील चिठ्ठ्या मोजल्या जातात, तर हा पाचाचा आकडा कोणत्या हिशेबाने आला आणि तो पुरतो का? तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. १५ जानेवारी २०२६ रोजी आम्ही महानगरपालिकेसाठी मतदान केले, तेव्हा चिठ्ठीचे यंत्र केंद्रावर नव्हतेच. लोकसभेला जी गोष्ट आवश्यक मानली जाते ती नगरसेवक निवडताना अनावश्यक कशी ठरते?

ज्यांनी निवडणुकीचे काम प्रत्यक्ष केले आहे किंवा ज्यांना यातील तंत्र आणि कायदा ठाऊक आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


निवृत्त मुख्याध्यापक, सांगली जिल्हा

पारगावकर, मी शिक्षक असल्यामुळे लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत अनेक निवडणुकांत केंद्राध्यक्षाचे काम केले आहे. यंत्राच्या पोटात काय चालते यावर मी बोलणार नाही, तो माझा विषय नव्हे. केंद्रावर काय घडते एवढेच सांगतो, कारण वाद घालणाऱ्या बहुतेकांनी ते पाहिलेले नसते.

कोणते यंत्र कोणत्या केंद्रावर जाणार हे संगणकीय सरमिसळीने ठरते आणि ती सरमिसळ पक्षांच्या प्रतिनिधींसमोर होते. मतदानाच्या दिवशी, प्रत्यक्ष मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी, मतदान प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घ्यावे लागते. त्यात किमान पन्नास मते टाकायची असतात आणि प्रत्येक उमेदवाराला, तसेच ‘नोटा’लाही, मत पडले पाहिजे. मग कंट्रोल युनिटवरचा (मते साठवणाऱ्या, केंद्राध्यक्षापाशी असलेल्या भागावरचा) निकाल आणि चिठ्ठ्यांची मोजणी जुळवायची, यंत्र ‘क्लिअर’ करायचे, अभिरूप मतदानाच्या चिठ्ठ्यांवर शिक्का मारून त्या काळ्या लिफाफ्यात मोहोरबंद करायच्या आणि त्यानंतरच खरे मतदान सुरू करायचे. घोळ होतो तो बहुधा येथेच. पहाटेपासून जागे असलेले कर्मचारी, बाहेर लागलेली रांग आणि हाताशी नसलेला वेळ. अशा घाईत एखादा केंद्राध्यक्ष यंत्र ‘क्लिअर’ करायला विसरतो, आणि मोजणीच्या दिवशी आकडा पन्नासने जास्त येतो. असे यंत्र मोजणीच्या वेळी बाजूला ठेवतात. विजयाचे अंतर त्या केंद्रांवरील एकूण मतांपेक्षा जास्त असेल तर ते पुन्हा उघडण्याची वेळ येत नाही. अंतर तेवढेच किंवा त्याहून कमी असेल तर तेथील चिठ्ठ्या मोजतात.

मतदान संपल्यावर फॉर्म १७ सी भरला जातो. केंद्रावर एकूण किती मते नोंदली गेली, यंत्रांचे आणि मोहोरांचे क्रमांक काय होते, हे सर्व त्यात असते आणि त्याची सही केलेली प्रत मतदान प्रतिनिधींना द्यावी लागते. २०२४ मध्ये महाराष्ट्रात सायंकाळी पाच वाजता ५८.२२ टक्के असलेली आकडेवारी अंतिमतः ६६.०५ टक्के कशी झाली, यावर बराच गदारोळ झाला. पाच वाजताचा आकडा हा क्षेत्रीय अधिकाऱ्यांनी दूरध्वनीवरून गोळा करून कळवलेला अंदाज असतो. सहाच्या ठोक्याला जे रांगेत उभे असतात त्यांना आम्ही शेवटच्या माणसापासून सुरुवात करून क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटतो आणि त्या संपेपर्यंत मतदान चालू राहते. सात-आठ टक्क्यांची वाढ सर्वच ठिकाणी एवढ्यानेच झाली का, हे मी घरबसल्या सांगू शकत नाही. परंतु ज्या पक्षाकडे प्रत्येक केंद्रावरील १७ सी ची प्रत आहे तो पक्ष अंतिम आकड्याशी ती ताडून पाहू शकतो आणि एका केंद्रावर जरी फरक सापडला तरी तो कागदानिशी मांडू शकतो.

येथे मला राजकीय पक्षांविषयी स्पष्ट बोलावेसे वाटते. मी जेथे काम केले तेथे दुपारच्या जेवणानंतर निम्मे मतदान प्रतिनिधी गायब असत. संध्याकाळी उरलेला एखादा मुलगा आम्ही सांगू तेथे सही करी आणि प्रत घडी घालून खिशात ठेवी; तिचे पुढे काय झाले हे त्याच्या नेत्यालाही ठाऊक नसेल. या प्रती आयोगाने संकेतस्थळावर टाकाव्यात ही मागणी मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती आणि लोकसभेचे मतदान चालू असताना न्यायालयाने तसा अंतरिम आदेश देण्यास नकार दिला. माझे मत विचाराल तर त्या प्रसिद्ध करण्यात कोणाचेही नुकसान नाही. तरीही आयोगाकडे बोट दाखवण्याआधी पक्षांनी आपले खिसे तपासावेत.


संगणकवाला, पुणे

गुरुजींनी केंद्र दाखवले, मी त्यापुढचा भाग सांगतो. चिठ्ठी काय सिद्ध करते हा प्रश्न दोन तुकड्यांत घ्यावा लागेल.

पूर्वी बॅलेट युनिट, म्हणजे मतदार बटण दाबतो तो भाग, थेट कंट्रोल युनिटला जोडलेले असे. आताच्या एम-३ जातीच्या यंत्रात व्हीव्हीपॅट या दोहोंच्या मध्ये बसते. कंट्रोल युनिटला उमेदवाराचे नाव किंवा पक्ष माहीत नसतो. तीन क्रमांकाचे बटण दाबले गेले, एवढीच नोंद त्यात होते. कोणत्या पक्षाचा उमेदवार कोणत्या क्रमांकावर येईल हे नावांच्या वर्णानुक्रमावर ठरत असल्यामुळे ते प्रत्येक मतदारसंघात वेगळे असते आणि म्हणून कारखान्यातच सर्व यंत्रांत एका पक्षाच्या बाजूने खोट घालून ठेवणे शक्य नाही, असा आयोगाचा जुना आणि वजनदार युक्तिवाद आहे. व्हीव्हीपॅट आल्यावर मात्र त्याला एक अपवाद निर्माण झाला. चिठ्ठीवर नाव आणि चिन्ह छापायचे तर ते यंत्राला आधी सांगावे लागते आणि ते काम उमेदवारांची यादी अंतिम झाल्यावर सिम्बॉल लोडिंग युनिट नावाच्या उपकरणाने केले जाते. जे यंत्र विश्वास वाढवण्यासाठी आणले त्याच्याच बरोबर बाहेरून माहिती भरण्याची एक वाट आली. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालात न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि दीपांकर दत्ता यांनी ही उपकरणे मोहोरबंद करून निकालानंतर ४५ दिवस जपून ठेवण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने महत्त्वाचा आहे.

समजा, कोणी खोट घातलीच, तर ती दोन प्रकारे होईल. एक तर चिठ्ठी चुकीची छापली जाईल, जी मतदाराला दिसेल. किंवा चिठ्ठी बरोबर छापून कंट्रोल युनिटमध्ये दुसरीच नोंद होईल, जी मतदाराला दिसणार नाही पण चिठ्ठ्या मोजल्या तर उघड होईल. पहिल्या प्रकारावर मतदाराचे डोळे हा उपाय आहे आणि दुसऱ्यावर मोजणी. चिठ्ठी पेटीत पडली पण कोणी मोजलीच नाही, तर दुसऱ्या प्रकाराविरुद्ध तिचा काडीचाही उपयोग नाही. म्हणून आपला दुसरा प्रश्न हाच खरा प्रश्न आहे.

२०१९ पूर्वी प्रत्येक विधानसभा मतदारसंघात एकाच केंद्राच्या चिठ्ठ्या मोजल्या जात. चंद्राबाबू नायडू आणि इतर विरोधी नेते निम्म्या केंद्रांची मागणी घेऊन न्यायालयात गेले. त्या वेळी भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अहवालाचा आधार घेऊन आयोगाने सांगितले की, संपूर्ण देशातून यादृच्छिक पद्धतीने ४७९ यंत्रे तपासली तरी पुरेशी खात्री मिळते. ८ एप्रिल २०१९ रोजी न्यायालयाने एकाचे पाच केले. पाचाचा आकडा कोणत्याही सूत्रातून आलेला नाही. मतदारांचे समाधान व्हावे आणि निकालही फार लांबू नये, असा तो मध्यममार्ग होता.

आता हिशेब पाहा. महाराष्ट्रात केंद्रे एक लाखाच्या आसपास आणि मतदारसंघ २८८, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी साडेतीनशे केंद्रे. राज्यभरात पाचप्रमाणे १४४० केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या आणि २०२४ मध्ये त्यांत कोठेही तफावत आढळली नाही, असे मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयाने जाहीर केले. राज्यातील केवळ एक टक्का केंद्रांवर, म्हणजे हजारभर ठिकाणी, दुसऱ्या प्रकारची खोट असती, तरी १४४० च्या नमुन्यातून ती पूर्णपणे निसटण्याची शक्यता लाखात एकाहूनही कमी आहे. केंद्रांची निवड खरोखर चिठ्ठ्या टाकून झाली असेल, आणि ती मोजणीच्या सभागृहात सर्वांसमोर होते, तर ‘अख्खे राज्य यंत्राने फिरवले’ हा दावा येथे संपतो.

एकच मतदारसंघ घेतला की चित्र उलटे होते. साडेतीनशेपैकी सात केंद्रांवर खोट असेल, तर पाच केंद्रे तपासून ती सापडण्याची शक्यता जेमतेम दहा टक्के आहे. पस्तीस केंद्रांवर असली तरी ४१ टक्के, म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा ती सुटून जाईल. सात केंद्रांवरील खोट ९५ टक्के खात्रीने पकडायची तर सुमारे १२० केंद्रे तपासावी लागतील. आणि सात केंद्रांनी काय होणार, असे म्हणू नका. २०२४ मध्ये मालेगाव मध्यची जागा १६२ मतांनी आणि साकोलीची २०८ मतांनी लागली. त्याच वर्षी लोकसभेला मुंबई वायव्यमधील अंतर ४८ मतांचे होते. एका केंद्रावर पन्नास मते इकडची तिकडे झाली तर अंतर शंभराने बदलते, म्हणजे अशा जागांना दोन-तीन केंद्रे पुरतात.

देशाचा नमुना घेऊन देशाविषयी उत्तर देणारे ४७९ चे गणित चुकीचे नाही, पण उमेदवार देशात निवडून येत नाही, मतदारसंघात येतो. त्यामुळे नमुना किती मोठा घ्यायचा हे विजयाच्या अंतरावर ठरले पाहिजे: अंतर पन्नास हजारांचे असेल तर पाच केंद्रेही खूप झाली, आणि अंतर दोनशेचे असेल तर सर्व चिठ्ठ्या मोजायला हव्यात. ही पद्धत अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २०१७ पासून वापरात आहे. आपल्याकडे तिच्यासाठी नवे यंत्र लागत नाही, कागद आधीच पेटीत पडलेला आहे. हा उपाय दोन्ही बाजूंना नको असतो, याचे मला नेहमी नवल वाटते: एका बाजूला यंत्र गेलेच पाहिजे असते आणि दुसऱ्या बाजूला एकही जादा चिठ्ठी मोजणे हा अविश्वास वाटतो.

एक खुलासा करतो. हे सर्व गणित दाबलेले बटण आणि मोजलेले मत यांपुरतेच आहे. मतदार यादीत कोण घुसले, कोण गळले, यावर चिठ्ठी काहीही सांगत नाही.


विदर्भवासी

संगणकवाल्यांच्या गणिताशी माझा वाद नाही. पण येथे मतपत्रिकेचा काळ कोणाला आठवतो की नाही, अशी शंका येते. गठ्ठेच्या गठ्ठे शिक्के मारून पेटीत कोंबले जात. शिक्का दोन रकान्यांच्या मधल्या रेषेवर पडला म्हणून हजारो मते बाद होत आणि एकेका मतपत्रिकेवरून मोजणीच्या टेबलावर हमरीतुमरी चाले. यंत्र एका मिनिटात चारहून अधिक मते घेत नाही, एवढ्या एका गोष्टीने केंद्र बळकावणाऱ्यांचा अर्धा धंदा बसला.

आणि न्यायालयाने यंत्राला डोळे झाकून मान्यता दिली, हेही खरे नाही. केरळमधील परवूर येथे १९८२ मध्ये ५० केंद्रांवर पहिल्यांदा यंत्रे वापरली, तेव्हा शिवन पिल्लै १२३ मतांनी विजयी झाले. पराभूत ए. सी. जोस न्यायालयात गेले. कायद्यात यंत्राची तरतूदच नाही, म्हणून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या ५० केंद्रांवर मतपत्रिकेने फेरमतदान घ्यायला लावले आणि त्यात जोस जिंकले. त्यानंतर लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ६१-क आले, आणि सर्व मतदारसंघांत यंत्रे येण्यासाठी २००४ उजाडावे लागले. २०१३ मध्ये सुब्रमण्यम स्वामींच्या याचिकेवर कागदी नोंद आवश्यक ठरवणारे न्यायालयही हेच. जून २०१७ मध्ये आयोगाने यंत्रात फेरफार करून दाखवण्याचे जाहीर आव्हान दिले, त्यासाठी राष्ट्रवादी काँग्रेस आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष हे दोनच पक्ष आले आणि प्रत्यक्ष प्रयत्न दोघांनीही केला नाही. त्या आव्हानाच्या अटी कडक होत्या हे मान्य, तरीही न खेळता सामना हरल्याची तक्रार किती दिवस करायची?

मारकडवाडीचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून मी करतो. माळशिरस मतदारसंघातील या गावाने ३ डिसेंबर २०२४ रोजी स्वतःच मतपत्रिका छापून फेरमतदान घेण्याचे ठरवले. विशेष म्हणजे गावकऱ्यांचा उमेदवार मतदारसंघातून निवडून आला होता. गावात त्याला कमी मते कशी पडली, हा त्यांचा प्रश्न होता. अशा मतदानाने काहीही सिद्ध झाले नसते, कारण निकाल माहीत झाल्यावर, शेजाऱ्यांच्या देखत, कोण कोणाला मत देईल यावर गुप्त मतदानाचे नियम चालत नाहीत. तरीही प्रशासनाने जमावबंदी लावून, पोलीस उभे करून ते थांबवले ते मला शहाणपणाचे वाटत नाही. त्यांनी कागदावर शिक्के मारले असते आणि चार दिवसांत विषय संपला असता. बंदोबस्त लावून शासनाने शंकेला नवे बळ दिले.


स्टुटगार्टहून एक वाचक

मी गेली काही वर्षे जर्मनीत राहतो, म्हणून येथील गोष्ट सांगतो, कारण भारतातील चर्चेत तिचा उल्लेख ‘जर्मनीने यंत्रे हॅक होतात म्हणून बंद केली’ असा होतो आणि तो बरोबर नाही.

२००५ च्या संसदीय निवडणुकीत येथे सुमारे वीस लाख मतदारांनी नेडाप कंपनीच्या यंत्रांवर मतदान केले. ३ मार्च २००९ रोजी येथील घटनात्मक न्यायालयाने त्या यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला, पण निवडणूक रद्द केली नाही, कारण फेरफार झाल्याचा कोणताही पुरावा नव्हता. न्यायालयाचा मुद्दा वेगळाच होता: निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला कोणत्याही विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत, आणि यंत्रात काय झाले हे तज्ज्ञांच्या शब्दावर विसंबूनच कळत असेल तर ती निवडणूक सार्वजनिक उरत नाही. ती यंत्रे कागद देत नव्हती, हेही लक्षात ठेवले पाहिजे. न्यायालयाने यंत्रांना कायमची बंदी घातलेली नाही. नागरिकाला पडताळणी करता येईल असे यंत्र चालेल, असे त्या निकालातून निघते.

आता येथे सर्व मते हाताने मोजतात. संध्याकाळी सहाला मतदान संपले की त्याच खोलीत, त्याच स्वयंसेवकांकडून मोजणी सुरू होते आणि कोणीही आत येऊन उभे राहून पाहू शकते. बहुतेक ठिकाणी रात्रीपर्यंत काम आटोपते. तथापि हाताची मोजणी निर्दोष असते असा गैरसमज नसावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये साहरा वागेनक्नेश्ट यांचा पक्ष ४.९८ टक्क्यांवर, म्हणजे पाच टक्क्यांच्या उंबरठ्यापासून सुमारे साडेनऊ हजार मतांनी, अडकला. मतपत्रिकेवर जवळपास सारख्याच नावाचा दुसरा पक्ष असल्याने मते चुकून त्याच्या खात्यात गेल्याची प्रकरणे नंतर समोर आली आणि त्यांनी देशभर फेरमोजणीची मागणी केली.

भारतात एका केंद्रावर सातशे-आठशे मते एकाच जागेसाठी पडतात. येथे एका मतपत्रिकेवर दोन मते असतात, तरी ती केंद्रातच मोजून होतात. सर्व चिठ्ठ्या मोजायला आठवडे लागतील हा दावा मला पटत नाही, पण केंद्रातच मोजणी करायची तर प्रत्येक वस्तीने कोणाला मत दिले हे त्याच रात्री सर्वांना कळेल, आणि आपल्याकडे त्याचे परिणाम काय होतात हे वेगळे सांगायला नको.


वकील, नाशिक

पारगावकरांचा तिसरा प्रश्न सर्वांनी सोडून दिला आहे, म्हणून तेथून सुरुवात करते.

लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. स्थानिक संस्थांच्या निवडणुका राज्यघटनेच्या २४३-के आणि २४३-झेडए या अनुच्छेदांखाली राज्य निवडणूक आयोग घेतो. ही दोन स्वतंत्र कार्यालये आहेत. व्हीव्हीपॅटची तरतूद २०१३ मध्ये झाली ती निवडणूक संचालन नियम, १९६१ यांत, आणि ते नियम केवळ संसद आणि विधिमंडळाच्या निवडणुकांना लागू आहेत. महानगरपालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदा राज्याच्या कायद्यांखाली येतात आणि त्यांत अशी तरतूद नाही. राज्य आयोगाने २०२५ मध्ये याखेरीज बहुसदस्यीय प्रभागाचे कारण दिले: एका मतदाराला चारपर्यंत मते द्यायची असतात आणि उपलब्ध व्हीव्हीपॅट एका मतासाठी बनवलेले आहे.

हे कारण नाशिक, पुणे किंवा नागपूरला लागू पडते. मुंबईला मात्र पडत नाही, कारण तेथील २२७ प्रभाग एकसदस्यीय आहेत आणि मतदार एकच मत देतो. तरतूद करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाकडे आहे आणि ती करण्यापासून कोणालाही कोणी रोखलेले नाही. गेल्या दहा वर्षांत सत्तेत आळीपाळीने जवळजवळ सर्वच पक्ष येऊन गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये तत्कालीन विधानसभा अध्यक्ष नाना पटोले यांनी मतपत्रिकेचा पर्याय देणारा कायदा तयार करण्याची सूचना केली होती, तिचा कायदा झाला नाही.

आता चिठ्ठीच्या कायदेशीर किमतीविषयी. यंत्रातील आकडा आणि चिठ्ठ्यांची मोजणी यांत फरक पडला तर नियम ५६-डी प्रमाणे चिठ्ठ्यांची मोजणी ग्राह्य धरली जाते, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कागद श्रेष्ठ आहे. चिठ्ठी चुकीची छापली गेली अशी तक्रार करायची असेल तर नियम ४९-एमए आहे. मतदाराने लेखी प्रतिज्ञापन द्यायचे, मग केंद्राध्यक्ष आणि प्रतिनिधींसमोर त्याला चाचणी मत टाकायला लावतात, आणि त्यात चिठ्ठी बरोबर आली तर खोटी माहिती दिल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कारावासाची टांगती तलवार त्याच्यावर असते. यंत्र शंभरात एकदाच चुकत असेल, तर चाचणीत ते नेमके चुकावे अशी अपेक्षा कोणी कशाच्या भरवशावर करावी? संगणकवाल्यांनी पहिल्या प्रकारच्या खोटीवर मतदाराचे डोळे हा उपाय सांगितला. या नियमामुळे ते डोळे असून तोंड बंद ठेवावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०२४ च्या निकालाने एक नवी वाट दिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने निकालानंतर सात दिवसांत लेखी अर्ज केला, तर विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांची स्मृती उत्पादक कंपनीचे, म्हणजे बीईएल किंवा ईसीआयएलचे, अभियंते तपासतात. लोकसभेनंतर असा अर्ज करणाऱ्यांत अहमदनगरचे भाजपचे पराभूत उमेदवार सुजय विखे पाटील होते, म्हणजे शंका एकाच छावणीला येते असेही नाही. २०२४ मध्ये एका संचाचे शुल्क वस्तू व सेवा करासह ४७,२०० रुपये होते. साडेतीनशे केंद्रांच्या मतदारसंघात सतरा संच धरले तर आठ लाखांच्या वर रक्कम जाते, आणि फेरफार सिद्ध झाला तरच ती परत मिळते. आरंभी ही तपासणी नव्याने चाचणी मते टाकून करण्याची पद्धत ठरली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ माहिती पुसू नये आणि नवी भरू नये असे आयोगाला सांगितले. जी तपासायची तीच नोंद पुसली जाणार असेल, तर तपासणी कशाची, हा प्रश्न तोवर अनुत्तरित होता.


पारगावकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वकीलताई, एक विचारायचे राहिले. उमेदवार गप्प बसला, पैसे नाहीत म्हणून किंवा तडजोड झाली म्हणून, तर माझ्यासारख्या साध्या मतदाराला काय करता येते?


वकील, नाशिक

निवडणूक याचिका आपण दाखल करू शकता. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे तो अधिकार उमेदवाराइतकाच त्या मतदारसंघातील कोणत्याही मतदाराला आहे, आणि त्यासाठी निकालापासून ४५ दिवसांची मुदत आहे. मात्र यंत्राच्या स्मृतीची तपासणी आपल्याला मागता येत नाही, ती फक्त त्या दोन उमेदवारांना मागता येते. केंद्रावरील चित्रीकरणही पाहायला मिळणार नाही, कारण पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने ते देण्याचा आदेश दिल्यानंतर काही दिवसांतच, डिसेंबर २०२४ मध्ये, नियम ९३ मध्ये बदल करून ते सार्वजनिक कागदपत्रांच्या बाहेर ठेवले गेले. मे २०२५ मध्ये आयोगाने आणखी एक सूचना काढली: याचिका दाखल झाली नसेल तर ते चित्रीकरण ४५ दिवसांनंतर नष्ट करावे. म्हणजे ज्या दिवशी आपली मुदत संपते त्याच सुमारास चित्रीकरणही संपते, आणि तोपर्यंत ते न पाहताच आपल्याला याचिकेत नेमकी तथ्ये मांडावी लागतात. ती मोघम असतील तर सुनावणीआधीच याचिका फेटाळली जाते. अशा याचिका बहुतांशी तेथेच अडखळतात.